अंगठ्याचे मोजे

मोजे घालून जपाला उभे राहणारे वैदिक साऱ्या काशीत एकच होते, आणि ते माझे वडील होते. हे अभिमानानं सांगावं की ओशाळून, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. कारण ते मोजे मी विणले होते. माझं वय तेव्हा बारा, आणि अक्कल त्याहून दोन-तीन वर्षांनी लहान.

परवा काशीला गेले होते. संकठा घाटाच्या वरच्या गल्लीतल्या आमच्या दोन खोल्या आता मालकाला परत द्यायच्या आहेत. धाकटा भाऊ गेल्या वर्षी गेला, त्याचा मुलगा नोकरीसाठी लखनौला निघालाय. त्याची बायको शुभा सामानाच्या ढिगात बसून एकेक वस्तू मला दाखवत होती. हे न्यायचं, हे द्यायचं, हे फेकायचं. शेवटी तिनं कोपऱ्यातून पत्र्याची एक पेटी ओढली.

"आत्या, ही अण्णाआजोबांची सोवळ्याची पेटी. इतकी वर्षं कोणी हातच नाही लावला. गंगाजीत सोडून द्यायची का? नाववाला ओळखीचा आहे, बिलकुल मधोमध सोडून येईल."

"आधी उघडू तरी दे," मी म्हटलं.

झाकण वर झालं आणि कापराचा नि कडुलिंबाच्या वाळक्या पाल्याचा वास आला. त्याच्या खाली, अगदी तळाशी, आणखी एक वास होता. ओल्या मेंढीचा. इतक्या वर्षांनी मेंढी ओली कशी राहील, ते मला विचारू नका. मला तो आला एवढं खरं. पेटीत अण्णांचा रेशमी मुकटा होता, काळपट पडलेली लोकरीची धाबळी होती, पळी-पंचपात्र होतं, जानव्याचं सूत कातायची टकळी होती. आणि जुन्या पंचांगाच्या पानात गुंडाळलेले ते मोजे होते, एकात एक घालून गोळा केलेले. आठवणीत होते त्यापेक्षा फार लहान वाटले. त्यांच्या टाचा आतल्या बाजूला गेल्या होत्या. गोळा उलगडून टाच बघायचा मला धीर झाला नाही. तो मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले. शुभाला वाटलं, म्हातारी दमली. ती चहा टाकायला गेली.

काशीतली थंडी बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही. गंगेवरून धुकं वर चढायचं आणि गल्लीत येऊन बसायचं. सकाळी समोरचं घर दिसायचं नाही, पण त्या घरातली भांडी ऐकू यायची. गोवऱ्यांचा धूर खाली खालीच रेंगाळायचा, त्यातून मलइयोवाल्याची हाक यायची, आणि तो दुधाचा फेस मातीच्या कुल्हडात घेऊन खाल्ला की जिभेवर काही राहायचं नाही, नुसता केशराचा वास राहायचा. सगळ्यात आधी ऐकू यायची ती खडावांची टकटक. आमचे मराठी ब्राह्मण स्नानाला उतरायचे, आणि कोण उतरतंय ते मी गोधडीतून सांगायची. अण्णांची टकटक सावकाश होती, आणि दर चार पावलांनी एकदा थांबायची. थांबायची ती पायांमुळे.

अण्णांच्या पायांना भेगा होत्या. तुम्हाआम्हाला पडतात तशा नव्हेत. थंडी सुरू झाली की टाचा उलायच्या, बोटं सुजून लाल व्हायची, आणि माघात तर टाचांतून रक्त यायचं. आई मेण आणि तिळाचं तेल कढवून लावायची. अण्णा म्हणायचे, "बरं वाटतंय हो." ते खोटं असायचं, हे घरातल्या मांजरालाही कळायचं.

आईचा खोकला तेव्हा दुसऱ्या हिवाळ्यात शिरला होता. वैद्य बदलून झाले, काढे बदलून झाले. आई भिंतीला टेकून अंथरुणात बसलेली असायची, आणि तिथूनच सगळं घर चालवायची. तिच्यासाठी अण्णांनी आदल्या वर्षी माघाचं अनुष्ठान धरलं होतं. महिनाभर पहाटे गंगास्नान, आणि मग घाटावरच्या दगडी चौथऱ्यावर रामनगरच्या तीराकडे तोंड करून, सूर्य कासराभर वर येईपर्यंत उभ्यानं जप. एकोणिसाव्या दिवशी टाच फुटली आणि जपाच्या जागेवर रक्त सांडलं. रक्त सांडलं की व्रत मोडलं. अण्णा घरी आले, पाय न धुताच आईच्या अंथरुणाशी बसून राहिले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवशीही पाहिलं नाही. पण मला उगाच वाटलं की मी त्या वेळी खोलीत असायला नको होतं.

यंदाच्या माघात ते पुन्हा धरणार होते. आई म्हणाली, "पाय तसलेच आहेत, तर व्रतही तसंच जाईल." आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काय गं, तुमच्या त्या शाळेत दिवसभर मोजेच विणता ना?"

विणत होतो खरं. लढाई चालू होती, आणि मुलींच्या शाळेत शिवणाच्या तासाला आम्हाला खाकी लोकर मिळायची. कुठल्या कोण शिपायांसाठी मोजे. गुंडे वजन करून द्यायचे, विणलेले मोजे वजन करून घ्यायचे, हातभर तुकडासुद्धा घरी नेता यायचा नाही. शिवणाच्या बाई बंगाली होत्या, आम्ही त्यांना नीरूदी म्हणायचो. त्या ओळींतून फिरायच्या आणि टाच आली की प्रत्येकीच्या डोक्याशी येऊन तेच सांगायच्या, "एड़ी में सूत का धागा साथ-साथ चलाओ, नहीं तो चार दिन में फौजी की एड़ी बाहर!" मग लोकरीबरोबर रिळाचा धागा घ्यायचा, दोन्ही मिळून टाच विणायची, टाच वळली की धागा सोडून द्यायचा. डझनावारी मोजे विणले मी असे. डोळे मिटूनही विणले असते.

पण शिपायाचे मोजे वेगळे आणि वैदिकाचे वेगळे. अण्णांचं म्हणणं सरळ होतं, "मोजे साहेबानं घालावेत."

आईनं अंथरुणातून वाद घातला. तो वाद मला शब्दन्‌शब्द पाठ आहे.

"अहो, धाबळी सोवळ्यात चालते ना? सूत रोज धुवायला लागतं, लोकर लागत नाही. लोकर आपली आपण शुद्ध. असं तुम्हीच सांगता."

"सांगतो."

"मग लोकर कमरेला चालते, खांद्याला चालते, पायांनीच काय पाप केलंय?"

"मोज्यांचा उल्लेख कुठं नाही गं शास्त्रात."

"नाही ना? मग मनाई तरी कुठं असेल!"

अण्णा हसले. आईला खोकला आला, म्हणून हसू आवरून पाण्याचा गडू पुढे केला. आणि दोन अटी घातल्या. मोजे लोकरीचे हवेत. आणि शिवलेलं वस्त्र सोवळ्यात चालत नाही, तेव्हा कुठंही शिवणाची सुई लागता कामा नये.

दुसऱ्या अटीचं मला भय नव्हतं. पाच सुयांवर गोल गोल विणलं की जोड येतच नाही. आमच्या सुयाही काही विकत आणलेल्या नव्हत्या. सायकलीच्या चाकाच्या तारा, पायरीवर घासून टोकं काढलेल्या. घासताना दात शिवशिवायचे, पण त्यांवरून लोकर काय सरसर जायची!

आईचा लोकरीचा डबा निघाला. तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, झाकणावर कुठल्या तरी साहेबाचा बंगला नि कुत्रा. त्यात आमच्या घराचा सगळा ऊबदार इतिहास गुंड्यांमध्ये गुंडाळलेला होता. भावाच्या टोपीतली उरलेली पिवळी. मामाच्या उसवलेल्या स्वेटरची मरून. आईच्या लग्नातली लोकरी शाल कसरीनं खाल्ली, तिच्या काठाची तांबडी, ती सगळ्यात मऊ. आई मला उसवलेली लोकर सरळ करायला शिकवायची: पाटाला गुंडाळ, तपेलीच्या वाफेवर धर, मग सावलीत टांग. वाकडी-तिकडी लोकर वाफेत हळूहळू सैल पडायची. ते बघत बसायला मला फार आवडायचं. अजून आवडतं.

सगळे गुंडे मिळून एका मोज्याला पुरतील एवढेही नव्हते. मग मी नावेतून रामनगरला गेले, शेजारच्या काकूंबरोबर. तिथं एक गडेरीण, म्हणजे मेंढ्या पाळणारी धनगरीण, बसायची, सुगनी नावाची. तिच्याकडे काळी राठ लोकर स्वस्त मिळायची, कांबळ्यांसाठी कातलेली. हाताला तेलकट लागायची, आणि मध्ये मध्ये काटे-कुटे निघायचे. मी नाक मुरडलं असणार, कारण सुगनीनं गुंडा माझ्या नाकाशीच धरला.

"ई भेड़ी क ऊन हौ, बिटिया. एमें कौनो मिलावट ना हौ."

यात काही भेसळ नाही. परतताना नावेत मी ते पुडकं पोटाशी धरून बसले होते. ऊन कोवळं होतं, नावाडी काहीतरी गुणगुणत होता, आणि मला वाटत होतं, आईच्या खोकल्यावरचं औषधच आता माझ्या मांडीवर आहे.

मोज्यांचा नकाशा आईनं काढला, पाटीवर. जिथं दगड लागतो तिथं सुगनीची राठ लोकर. वर घोट्याशी मामाची मरून. घोट्यावर एक पट्टा तांबडा, तिच्या शालीचा. "तेवढं माझं," ती म्हणाली. तांबडी एकाच मोज्याला पुरली, दुसऱ्याला पिवळा पट्टा आला, भावाच्या टोपीचा. अण्णा म्हणाले, "चला, सहकुटुंब उभा राहीन."

पहिला मोजा विणून झाला, मोठ्या थाटात अण्णांना घालायला दिला, आणि पाय खडावेत जाईना. खडावांना अंगठ्याशी खुंटी असते. मोज्यात पाचही बोटं एकत्र! अण्णांनी दोन-तीनदा पाय घालून पाहिला आणि मग खडावांकडे इतक्या केविलवाण्या नजरेनं पाहिलं की आई हसून हसून आडवी झाली. कितीतरी दिवसांनी ती अशी हसली होती, आणि खोकलाही आला नाही. मी मात्र रडकुंडीला आले. पुढचा भाग उसवला, आणि आईनं पाटीवर नवा पंजा काढला: अंगठा वेगळा, चार बोटं वेगळी. हातमोज्याला अंगठा काढतात तसा मी पायाला काढला. असले मोजे मी पुढे जन्मात कुठं पाहिले नाहीत.

पौष पौर्णिमेच्या आदल्या दुपारी जोडी पूर्ण झाली. अण्णा नेहमीच्या जागी बसून सूत कातत होते. समोर विद्यार्थी घोकत असायचे, आणि अण्णांच्या हातात टकळी फिरत असायची. जानव्याचं सूत ते कुणाकडून घेत नसत. मी मोजे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी टकळी बाजूला केली, एका मोज्यात हात घातला आणि टाच अंगठ्याच्या नि तर्जनीच्या मध्ये धरून चोळली. बराच वेळ चोळली. मग माझ्याकडे पाहिलं.

"टाच भक्कम केलीस हो, पोरी."

मी हवेतच होते त्या दिवशी; संध्याकाळी अण्णांनी ते नवेकोरे मोजे एकदा धुऊन टाकले, त्याचंही मला काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी घाटापर्यंत मागे गेले. स्नान करून अण्णा वर आले, धाबळी गुंडाळली, चौथऱ्यावर बसून मोजे चढवले आणि उभे राहिले. शेजारचे एक भटजी पाण्यातूनच ओरडले, "काय शास्त्रीबुवा, उद्या बूट का?" अण्णांचे डोळे मिटलेलेच होते. पलीकडच्या वाळूवरून सूर्य वर आला तेव्हा उजेड आधी त्यांच्या कपाळावर पडला आणि मग हळूहळू उतरत माझ्या तांबड्या-पिवळ्या पट्ट्यांवर आला. त्या क्षणी मला कुणी राज्य देऊ केलं असतं तर नको म्हटलं असतं.

पाच दिवस गेले, दहा गेले. एक भेग नाही. फक्त एक गोष्ट मला पटत नव्हती. घरी आले की अण्णा मोजे स्वतः धुवायचे. रोज. बादलीत पाणी ओतून, हलक्या हातानं. मग ते काठीच्या टोकावर घेऊन वर छताला टांगलेल्या वेळूच्या दांडीवर वाळत घालायचे, जिथं कुणाचा हात पोचणार नाही. सगळी खोली ओल्या मेंढीच्या वासानं भरून जायची.

आई म्हणाली, "अहो, लोकर कुणी रोज धुतं का? आटतील ते."

"घाटावर चिखल फार आहे गं."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग पुन्हा कधी तिनं तो विषय काढला नाही. पहाटे अण्णा घाटाला निघायचे तेव्हा मोजे काठीच्या टोकावर टांगलेले असायचे. मी कधी कधी मागून जायची, आणि जप संपवून ते चौथऱ्यावरून उतरले की दगडावर दोन ओले ठसे राहिलेले दिसायचे. अंगठा वेगळा, बोटं वेगळी. मला वाटायचं, गंगेचं पाणी. ते ठसे वाळेपर्यंत मी बघत उभी राहायची.

सतराव्या की अठराव्या दिवसाची गोष्ट. आईची धाबळी कोपऱ्यात उसवली होती. मी शहाणपणानं सुई-दोरा घेऊन बसले. आईनं अंथरुणातून हात पुढे करून ती ओढूनच घेतली.

"अगं बाई, काय करतेस! सुताचा धागा गेला की संपलं तिचं सोवळं. मग ती सुताचीच झाली."

"एका धाग्यानं?"

"एका धाग्यानं."

माझ्या हातात रीळ होतं. काळ्या धाग्याचं. त्याच रिळातला धागा मी अण्णांच्या दोन्ही मोज्यांच्या टाचेत घातला होता, लोकरीबरोबर, नीरूदींनी सांगितला तसा. घालताना मनात काहीच आलं नव्हतं. लोकरीचे मोजे म्हणजे लोकरीचे, आणि टाचेतला धागा म्हणजे टाच करायची रीत. हातांनी आपलं आपण केलं होतं. सुगनीच्या लोकरीत भेसळ नव्हती. भेसळ मी केली.

म्हणजे सतरा दिवस अण्णा सोवळ्यात नव्हतेच. म्हणजे व्रत पहिल्याच दिवशी मोडलं होतं, आणि ते फक्त मला ठाऊक होतं.

मी धावतच बाहेरच्या खोलीत गेले. अण्णा काठीनं मोजे दांडीवर चढवत होते. "अण्णा," मी म्हटलं, "मोजे..."

त्यांनी काठी भिंतीला लावली, खाली बसले आणि दोन्ही पाय माझ्यापुढे पसरले. लहान मूल नवी वस्तू दाखवतं तसे तळवे दाखवले. टाचा गुळगुळीत नव्हत्या, पण कुठं चीर नव्हती.

"बघ. आहे का एक तरी? माझ्या जन्मातला पहिला माघ असा जातोय."

सांगितलं असतं तर त्यांनी मोजे काढले असते, पाय फुटले असते, आणि आदल्या वर्षीसारखे ते आईच्या अंथरुणाशी बसले असते. मी पुढे होऊन त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांना वाटलं, नमस्कार केला. त्यांनी तोंड भरून आशीर्वाद दिला. तो मी कसा घेतला ते माझं मला माहीत.

माघी पौर्णिमेला अनुष्ठान पुरं झालं. आईनं त्या दिवशी उठून दोन घास स्वतः शिजवले. होळीला पुरण वाटलं, चैत्रात दारापर्यंत येऊन बसली. आम्हाला वाटलं, गेलं दुखणं. श्रावणात आई गेली. मणिकर्णिकेहून अण्णा परतले ते अनवाणी, आणि त्यांच्या मागे गल्लीभर ओल्या पावलांचे ठसे होते. मी ते मोजत बसले होते, कारण वर त्यांच्या तोंडाकडे बघणं मला शक्य नव्हतं.

शहाणी माणसं म्हणतील, एका धाग्यानं कुणी मरत नाही. मीही म्हणते. लग्न होऊन देशावर आले, मुलं झाली, नातवंडांची शिक्षणं झाली, आणि प्रत्येक शहाण्या माणसासारखं मी हे स्वतःला शंभरदा सांगितलं. पण बारा वर्षांची जी पोर काळं रीळ हातात धरून त्या दारात उभी होती, तिला ते कधी पटलं नाही. पुढे मी पोरांचे स्वेटर विणले, टोपरी विणली. मोजे मात्र पुन्हा विणले नाहीत. टाच आली की हात थांबायचे.

शुभा चहा घेऊन आली. "आत्या, काय आहे हो त्यात? दाखवा तरी."

तिच्यापुढे नाही म्हणायला काही कारण सुचेना. मी गोळा सोडवला. तांबडा पट्टा निघाला, पार विटलेला. पिवळा निघाला. अंगठे निघाले, कसे चपटे झाले होते बिचारे. मग टाच हातात घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

टाचेला लोकर नव्हतीच. सुगनीची ती राठ काळी लोकर दगडावर झिजून गेली होती. राहिला होता माझा रिळाचा धागा, रंग उडून भुरा झालेला, प्रत्येक टाका आपापल्या जागी. आणि त्या टाक्यांच्या आधारानं कुणीतरी सुईनं आडवं-उभं रफू केलं होतं, अगदी सावकाश, एकही गाठ न दिसेल असं. पांढरं, बारीक, पिळाचं सूत. ते सूत मी कुठंही ओळखलं असतं. पेटीत टकळीवर त्याचाच हातभर तुकडा अजून गुंडाळलेला होता.

व्रत पुरं झाल्यावर केव्हातरी असणार, पण सोवळ्यात सुई चालत नाही म्हणणाऱ्या माणसानं सुई लावली होती. माझ्या सुताच्या शेजारी आपलं जानव्याचं सूत घातलं होतं.

मग मला बादली आठवली. वेळूची दांडी आठवली. लोकर धुवायला लागत नाही. सूत लागतं, रोज, आणि कुणाचा हात लागणार नाही असं वाळवावं लागतं. आणि वाळलं नाही तर ओलंच नेसावं, ओलेत्याला सोवळं असतंच. माघातल्या थंडीत जाडजूड मोजे एका दिवसरात्रीत वाळतात थोडेच! ते चौथऱ्यावरचे ठसे गंगेचे नव्हते. अण्णा महिनाभर ओले मोजे घालून उभे होते. टाच बोटांत धरून चोळली त्याच दुपारी त्यांना सगळं कळलं होतं. सूत कातणारा माणूस, त्याला नाही कळणार तर कुणाला?

खरं सांगते, मला आधी रडू नाही आलं. राग आला. अण्णा, एक शब्द बोलला असतात तर! "पोरी, सूत घातलंस, धुऊन घालीन," एवढंच. पण पोरीला वाईट वाटेल, तिनं केलेलं वाया गेलं असं तिला वाटेल, म्हणून तुम्ही गप्प बसलात. आणि तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी गप्प बसले. एकाच दांडीखाली उभे होतो आपण दोघं, ते मोजे वर टपटपत होते, आणि दोघांनीही तोंड उघडलं नाही.

राग ओसरला तेव्हा हे कळलं की व्रत मोडलेलंच नव्हतं. तीस दिवसांतला एक दिवसही मोडलेलं नव्हतं. आई तिच्या खोकल्यानं गेली. हे वाक्य मी त्या खोलीत मोठ्यानं म्हटलं असणार, कारण शुभानं माझा हात धरला. मग मात्र मी रडले, चहा निवेपर्यंत.

तिनं गार झालेला चहा बाजूला सरकवला. शेवटी हळूच म्हणाली, "मग आत्या, गंगाजीत नाही द्यायचे ना हे?"

"नाही. बादलीत पाणी आण."

मी ते हलक्या हातानं धुतले. तोच वास आला, तस्साच. दांडी अजून छताला होती, शुभा तिच्यावर चादरी टाकते. काठी सापडली नाही, मग झाडूच्या दांड्यानं चढवले. खाली उभी राहून बघत होते तेव्हा लक्षात आलं, आई म्हणाली होती तसे ते चांगलेच आटले होते. बरोबर माझ्या पावलाच्या मापाचे झाले होते.

"उद्या सकाळपर्यंत सुखणार नाहीत हं," शुभा म्हणाली. "इतकी ठंड आहे. घाटावर जायचंय ना तुम्हाला?"

"जायचंय की," मी म्हटलं. "ओलेच घालीन."